अठराव्या दिवशी जिवंत, एकविसाव्या दिवशी कवचातच मेलेली: घरच्या इन्क्युबेटरमधला ओलावा आणि मराठवाड्याची हवा

घरच्या इन्क्युबेटरमध्ये कोंबडीची अंडी उबवणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकाच शब्दांत येते. अठराव्या दिवशी बॅटरी लावून बघितलं तेव्हा पिल्लं हलत होती, एकविसाव्या दिवशी काही फुटली, काहींनी चोचीने टोचा मारला आणि तिथेच थांबली, उरलेल्यांचा आवाजसुद्धा आला नाही. विचारलं की उत्तरही ठरलेलं मिळतं: पाणी वाढवा, ह्युमिडिटी कमी पडली. मे महिन्यात हा सल्ला बरोबर ठरतो. जुलैत तोच सल्ला पाळला तर वाचली असती ती पिल्लंही अंड्यातल्या पाण्यात बुडून मरतात.

यंत्राबरोबर जो कागद येतो त्यावर दोनच ओळी असतात: पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता, शेवटचे ३ दिवस ६५ ते ७० टक्के. सुरुवात करायला हे आकडे ठीक आहेत. पण आपल्याकडे मेमधल्या दुपारी हवा भट्टीतून आल्यासारखी कोरडी, आषाढात भिंतींना ओल, आणि डिसेंबरच्या पहाटे परभणीचा पारा दहाच्या खाली. एका ट्रेमध्ये एवढं पाणी, हा हिशोब या तिन्ही ऋतूंत सारखा चालणं शक्यच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आर्द्रता किती ठेवायची ते अंड्याच्या वजनाला विचारा, मीटर फक्त मदतीला ठेवा. ते कसं करायचं ते सांगतो, पण त्याआधी गेल्या खेपेला नेमकं काय बिघडलं ते शोधावं लागेल.

न फुटलेली अंडी फेकू नका

बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी लोक उरलेली अंडी उकिरड्यावर टाकतात. सगळी माहिती त्याच अंड्यांत असते. जुना पेपर अंथरा, तोंडाला रुमाल बांधा, अंगणात बसा आणि एकेक अंडं रुंद टोकाकडून हळूच फोडा. रुंद टोकाला हवेची पोकळी असते. ती किती मोठी आहे हे सगळ्यात आधी बघायचं.

कोरडं पडलेल्या अंड्यात ही पोकळी खूप मोठी दिसते, अंड्याचा तिसरा भाग सहज ओलांडलेला. खालचा पडदा पिवळट-तपकिरी, उन्हात वाळलेल्या पापडासारखा कडक आणि पिल्लाच्या पिसांना घट्ट चिकटलेला असतो. पिल्लू लहान, वाळकं. चोच बऱ्याचदा बरोबर जागी पोहोचलेली असते, टोचाही मारलेला असतो, पण पडदा आवळून बसल्यामुळे त्याला आत गोल फिरता आलेलं नसतं. गोल फिरत कवच कापल्याशिवाय टोपी उघडत नाही.

ओलं राहिलेल्या अंड्यात पोकळी लहान. फोडल्याबरोबर चिकट पाणी ओघळतं. पिल्लू मोठं, फुगलेलं, मानेपाशी सूज असल्यासारखं आणि अंडं गच्च भरलेलं. पोटाबाहेर पिवळा बलक राहिलेला दिसतो, बेंबी बंद झालेली नसते. अशी पिल्लं बहुधा टोचा मारायच्या आधीच जातात. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू पहिल्यांदा पोकळीच्या पडद्याला भोक पाडून फुप्फुसाने श्वास घेतं. त्या वेळी पोकळीत पुरेशी हवा नसली आणि तोंडाभोवती पाणी असलं, तर पहिल्या श्वासाबरोबर पाणीच आत जातं.

मागच्या पावसाळ्यात सेलूकडच्या एक ताई न फुटलेली अंडी स्टीलच्या डब्यात भुश्यात घालून घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, मशीन बदलून घ्यावी का? ह्युमिडिटी तर साठच्या खाली येऊच दिली नाही मी." मी म्हटलं, "ताई, मशीन राहू द्या, आधी ही बघू." पहिलंच अंडं फोडलं तर पाणी बोटांवरून मनगटापर्यंत आलं. हवेची पोकळी रुपयाच्या नाण्याएवढी आणि कवचाला टेकलेली, खोली अशी नव्हतीच. दुसरं तसंच, तिसरं तसंच. चौथ्यात पिल्लाची चोच पोकळीच्या पडद्यातून जेमतेम बाहेर आलेली, नाकपुड्यांत चिकट पाणी. यंत्र अगदी चांगलं होतं. साठ टक्के जपायला त्यांनी भर श्रावणात दोन वाट्या पाणी ठेवलं होतं, आणि एवढी मेहनत घेऊनही पिल्लं गेली याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. कागदावर लिहिलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं.

काही अंडी कोरडी आणि काही ओली, असं मिश्रण निघालं तर बहुतेक वेळा अंडीच वेगवेगळ्या जातीची असतात. गावरान कोंबडीचं लहान अंडं, गिरिराजाचं मोठं अंडं आणि म्हाताऱ्या कोंबडीचं पातळ कवचाचं अंडं एकाच ट्रेमध्ये एकाच वेगाने सुकत नाहीत. शक्यतो सारख्या आकाराची अंडी एकत्र लावा.

मीटर खरं बोलतंय का

स्वस्त डिजिटल मीटर पाच टक्के इकडेतिकडे दाखवणं नेहमीचं आहे, दहा टक्के चुकणारेही बाजारात भरपूर आहेत. पंचेचाळीस समजून पंचावन्न ठेवलं तर पुढचा सगळा हिशोब फुकट. तपासणी घरातल्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात पाण्याचे थोडेच थेंब टाका. मीठ विरघळायला नको, फक्त ओलंचिंब व्हायला हवं. हे झाकण आणि मीटर हवाबंद बरणीत ठेवा, मिठाचा स्पर्श मीटरला होऊ देऊ नका, आणि बरणी सावलीत रात्रभर राहू द्या. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर ६८ दाखवत असेल तर तुमच्या प्रत्येक आकड्यात ७ मिळवायचे. तेवढं मीटरवरच चिकटपट्टीला लिहून ठेवा. दर दोन-तीन खेपांनी ही तपासणी पुन्हा करा, कारण ओलाव्यात राहून सेन्सर हळूहळू सरकतो.

मीटरशिवायही काम होतं. दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या गोळ्यावर सुती बुटाची नाडी चढवा (नवी असेल तर आधी उकळून घ्या, खळ निघते), नाडीचं दुसरं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडा. पंख्याची हवा त्यावरून जायला हवी. कोरडा थर्मामीटर ३७.५ अंशांवर असताना ओला २६ दाखवत असेल तर आर्द्रता साधारण ४० टक्के, २८ ला ४९, २९ ला ५३ आणि ३२ ला ६८ टक्के. ही जुनी पद्धत मला डिजिटलपेक्षा भरवशाची वाटते. नाडी मात्र स्वच्छ आणि ओली हवी.

तापमानाचीही खात्री याच वेळी करून घ्या. ताप मोजायचा घरातला डिजिटल थर्मामीटर बत्तीस ते बेचाळीस अंशांच्या पट्ट्यात अगदी अचूक असतो. आपल्याला हवा असलेला आकडा त्याच पट्ट्यात येतो. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.७ अंश, पंखा नसलेल्यात अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.९. तापमान चुकीचं असेल तर आर्द्रता कितीही सांभाळा, उपयोग नाही.

यंत्रातली हवा खोलीतूनच येते

ही गोष्ट एकदा नीट कळली की अर्ध्या तक्रारी संपतात. यंत्राच्या भोकांतून खोलीतली हवा आत जाते आणि ३७.५ अंशांपर्यंत तापते. तापताना तिच्यातलं पाणी वाढत नाही, कमीही होत नाही, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढते. म्हणून टक्केवारी खाली घसरते.

आता आपल्या ऋतूंचा हिशोब बघा. ट्रेमध्ये पाण्याचा थेंबही नाही असं धरू.

मेची दुपार, खोलीत ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता: यंत्रात साधारण १७ टक्के.

जुलैतली पावसाळी संध्याकाळ, खोलीत २७ अंश आणि ८५ टक्के: यंत्रात साधारण ४७ टक्के.

डिसेंबरची रात्र, खोलीत १५ अंश आणि ५० टक्के: यंत्रात साधारण १३ टक्के.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. थंडीत हवा दमट वाटते, सकाळी गवतावर दव असतं, म्हणून लोक हिवाळ्यात पाणी कमी करतात. यंत्राच्या आत मात्र हिवाळ्याची रात्र मेच्या दुपारपेक्षाही कोरडी असते. आखाडात गावरान कोंबड्याला भाव येतो, आणि कोंबडा तेव्हा विक्रीला तयार हवा असेल तर पिल्लं हिवाळ्यातच काढावी लागतात. म्हणजे आपल्यातले बरेच जण नेमके सगळ्यात कोरड्या दिवसांत यंत्र चालू करतात. जानेवारीच्या खेपा का बिघडतात याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

आणि जुलैची ओळही बघा. काही न करता सत्तेचाळीस टक्के. त्यात अंड्यातून निघणारी वाफ मिसळते. अशा वेळी वाटीभर पाणी ठेवलं की काटा साठच्या वर जाणारच.

वजनाचा हिशोब

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी सतत बाहेर जात राहतं आणि तेवढी हवा आत येऊन पोकळी वाढते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याने सुरुवातीच्या वजनाच्या ११ ते १४ टक्के पाणी सोडलेलं असावं, मनात १३ धरा. खुडूक कोंबडीखालीही अंडी अशीच हलकी होत जातात. हा आकडा सांभाळला तर मीटर ४२ दाखवतंय की ५२, याची फार चिंता करायची गरज उरत नाही.

किराणा दुकानातला एक ग्रॅमचा काटा एका अंड्यासाठी जाडा पडतो. पन्नास ग्रॅमचं अंडं अठरा दिवसांत साडेसहा ग्रॅमच सोडणार. म्हणून सगळी अंडी एकत्र तोला. समजा ३० अंडी, लावायच्या दिवशी एकूण १५०० ग्रॅम. तेरा टक्के म्हणजे १९५ ग्रॅम. सातव्या दिवशी वजन १४२५ च्या आसपास, चौदाव्या दिवशी १३५० च्या आसपास आणि अठराव्या दिवशी १३०५ यायला हवं. प्रत्येक अंड्याचं सुरुवातीचं वजन शिसपेन्सिलीने त्याच्यावर लिहून ठेवा. पेन किंवा मार्कर नको. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात बघून काही अंडी रिकामी (आत गर्भ नसलेली) निघाली आणि काढून टाकली, तर त्यांचं लिहिलेलं वजन सुरुवातीच्या बेरजेतून वजा करायचं, की हिशोब पुन्हा सरळ.

समजा सातव्या दिवशी १४२५ ऐवजी १३९५ भरलं. म्हणजे १०५ ग्रॅम गेले, दिवसाला पंधरा. याच वेगाने अठराव्या दिवशी अठरा टक्के घट होणार आणि पिल्लं पडद्यात आवळली जाणार. अजून अकरा दिवस हातात आहेत आणि नव्वद ग्रॅमच जायला हवेत, दिवसाला आठ-सव्वाआठ. म्हणजे वेग जवळजवळ निम्म्यावर आणायचा. पाण्याचा पसारा वाढवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तोला. उलट १४५५ भरलं तर घट कमी आहे, पाणी काढून टाका. इथे घाबरायचं काही नाही. एका दिवसाच्या चुकीने अंडं मरत नाही, अठरा दिवसांची बेरीज जमली पाहिजे. मध्ये एखाद्या रात्री पाणी संपलं म्हणून पूर्ण खेप गेली असं समजणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतो.

काटाच नसेल तर हवेच्या पोकळीवर नजर ठेवा. सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी अंधारात अंड्याच्या रुंद टोकाला बॅटरी लावा आणि पोकळीची कड पेन्सिलीने आखा. अठराव्या दिवशी ती अंड्याच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश यावी. डोळ्याचा अंदाज वजनाइतका पक्का नाही, पण रेघा एकमेकींपासून लांब जाताहेत की तिथेच अडकल्यात हे लगेच दिसतं.

कोरड्या दिवसांत: उन्हाळा आणि हिवाळा

आर्द्रता पाण्याच्या खोलीवर अवलंबून नसते, पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावर असते. वाटी काठोकाठ भरली काय आणि अर्धी असली काय, वाफ तेवढीच निघते. म्हणून खोल वाटीच्या जागी पसरट ताटली ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर स्पंजचा तुकडा किंवा जुन्या सुती पंचाची पट्टी अशी ठेवा की तिचं एक टोक पाण्यात आणि बाकीची पट्टी हवेत उभी राहील. पंख्याची हवा तिच्यावरून गेली तर छोटी पट्टीही भरपूर काम करते. पट्टी लहान-मोठी करून आर्द्रता हवी तिथे आणता येते.

पाणी कोणतं घालता तेही बघा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. आठवड्याभरात पट्टी पांढरी आणि कडक होते, मग पाणी वर चढत नाही. ट्रे भरलेला दिसतो आणि आर्द्रता मात्र घसरत जाते. जारचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा, पट्टी तीन-चार दिवसांनी बदला. धुके सोडणारी छोटी यंत्रं मी छोट्या पेटीसाठी सुचवणार नाही. त्यांचे थेंब अंड्यांवर बसतात, बोअरच्या पाण्याचा क्षार कवचावर साचतो आणि ओल्या कवचातून जंतू आत शिरतात.

झाकण उघडून पाणी घालू नका. सलाईनची स्वच्छ नळी झाकणाच्या भोकातून ट्रेपर्यंत सोडा आणि बाहेरून सिरिंजने कोमट पाणी घाला. गार पाणी घातलं की तापमान पडतं आणि हीटर ओढत राहतो.

हवेची भोकं बंद करून ओलावा वाढवायचा मोह होतो. चिकटपट्टी लावली की मीटर लगेच वर चढतं, पण आत वाढणाऱ्या पिल्लांना प्राणवायू लागतो आणि शेवटच्या आठवड्यात तो सगळ्यात जास्त लागतो. अंड्यातल्या गुदमरलेल्या पिल्लांचा दोषही मग आर्द्रतेवर जातो. भोकं उघडीच राहू द्या.

उन्हाळ्यात आणखी एक संकट आहे आणि ते ओलाव्यापेक्षा मोठं आहे. घरच्या यंत्रात तापवायची सोय असते, गार करायची नसते. पत्र्याच्या खोलीत दुपारी बेचाळीस अंश झाले तर यंत्र कितीही चांगलं असो, आतला पारा साडेसदतीसवर राहणार नाही. जुनं माळवदाचं घर असेल तर यंत्र तिथे हलवा, जाड भिंतींच्या आत दुपारीही बराच फरक पडतो. नसेल तर कूलर. कूलरचा दुहेरी फायदा होतो: खोली तीस अंश आणि साठ टक्क्यांवर आली तर यंत्रात पाणी न ठेवताच चाळीस टक्के मिळतात. फक्त कूलरचा झोत थेट पेटीवर नको. आणि कूलरची लाईट गेली की खोली पुन्हा कोरडी होते हे लक्षात घेऊन पट्टी तयार ठेवा.

उन्हाळ्यात अंडी यंत्रात जाण्याआधीच सुकतात, हेही बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. फडताळात अडतीस अंशांत आठवडाभर ठेवलेल्या अंड्याने आपलं पाणी आधीच गमावलेलं असतं, शिवाय साधारण एकवीस अंशांच्या वर गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि अशक्त होतो. ओल्या वाळूत बसवलेल्या माठात अंडी ठेवा, तोंडावर सुती कापड टाका, आणि मे महिन्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी लावू नका. आठवडी बाजारातून आणलेली अंडी प्रवासात हलतात. ती निमुळतं टोक खाली करून एक रात्र स्थिर ठेवा, मग लावा.

पावसाळ्यात

इथे करण्यापेक्षा न करणंच जास्त आहे. पहिले अठरा दिवस ट्रे कोरडा, भोकं पूर्ण उघडी. मीटर चाळीस ते पन्नासमध्ये राहिलं आणि सातव्या दिवशीचं वजन बरोबर आलं तर काहीही घालू नका.

खोलीत बल्ब किंवा शेगडी लावून हवा कोरडी करा असा सल्ला मिळतो. त्याने यंत्राच्या आत काही फरक पडत नाही. हवा खोलीत तापली काय आणि पेटीत तापली काय, तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं. पाणी खरंच कमी करायचं असेल तर यंत्र स्वयंपाकघरातून, ओल आलेल्या भिंतीपासून आणि ओले कपडे वाळत घातलेल्या खोलीतून हलवा. सिलिका जेलच्या पुड्या हवा आत येणाऱ्या भोकाजवळ ठेवल्या तर थोडी मदत होते, त्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात (कापडी पुडी असेल तर दाणे बाहेर काढून). कळीचा चुना मात्र पेटीत ठेवू नका, पाणी लागलं की तो तापतो.

एवढं करूनही घट दहा-अकरा टक्क्यांवर अडली तर अठराव्या दिवशी लगेच पाणी वाढवू नका. पहिला टोचा दिसेपर्यंत थांबा. त्या एक-दीड दिवसात अंडी आणखी थोडी सुकतात आणि तेवढी जागा पिल्लाला श्वासाला मिळते.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७० टक्के. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात ताटली मोठी करून दोन पट्ट्या लावाव्या लागतात, पावसाळ्यात बहुधा एक वाटी पुरते. पाण्यावर जाळी झाका, नाहीतर फुटलेलं पिल्लू ओलं होऊन गारठतं.

यानंतर झाकण उघडायचं नाही. मेमधल्या दुपारी झाकण वर केलं की पेटीतला ओलावा काही सेकंदांत निघून जातो, आणि ज्या पिल्लाने टोचा मारला आहे त्याच्या भोवतीचा पडदा त्याच भोकातून सुकायला लागतो. पहिलं पिल्लू फुटलं म्हणून काढायला गेलात आणि पाच अडकली, हे दर हंगामात घडतं. फुटलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर चोवीस तास, गरज पडली तर आणखीही, आरामात राहतं. ते ओरडतंय म्हणून भुकेलं आहे असं नाही, त्याचा आवाज ऐकून बाकीची पिल्लंही हालचाल करतात. अगदी काढायचीच असतील तर पहाटे, एकदाच, पटकन.

पिल्लं फुटायला लागली की मीटर आपोआप ऐंशीच्या पुढे जातं. ओल्या पिल्लांची वाफ आहे ती, घाबरून पाणी काढू नका.

टोचा मारून बारा-अठरा तास काहीच हललं नाही तरी थांबा, हा पिल्लाच्या विश्रांतीचा आणि रक्त-बलक आत ओढून घ्यायचा वेळ असतो. चोवीस तास उलटून गेले, पडदा पांढरा-तपकिरी कोरडा दिसतोय आणि आतून आवाज क्षीण येतोय, तरच हात लावा. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने फक्त पडदा ओला करा, नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नका. कवचाचे तुकडे नखाने टोच्याभोवतीच काढा. लाल शीर दिसली किंवा रक्ताचा ठिपका आला की तिथेच थांबून अंडं परत ठेवा.

लाईट गेली तर

तासाभराच्या लोडशेडिंगला काहीही करू नका, झाकण उघडू नका. जास्त वेळ जाणार असेल तर पेटीवर वाकळ टाका, भोकं मोकळी ठेवून. हिवाळ्यात थंड झालेल्या झाकणाच्या आतून थेंब जमतात आणि अंड्यांवर पडतात. लाईट आल्यावर ते कोरड्या स्वच्छ कापडाने टिपून घ्या, पण अठराव्या दिवसानंतर तेही नको. शेवटच्या तीन दिवसांपुरता तरी इन्व्हर्टर किंवा बॅटरीची सोय करा, कारण तेव्हा पंखा बंद पडला तर गुदमरायची भीती ओलाव्यापेक्षा मोठी.

ओलाव्याचा दोष नसतो तेव्हा

वजनाची घट तेरा टक्क्यांच्या आसपास आहे, मीटर मिठाने तपासलेलं आहे, आणि तरीही पिल्लं मरताहेत, तर ओलाव्याच्या मागे लागणं सोडा. सगळी पिल्लं बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी उशिरा आणि मलूल निघत असतील तर तापमान कमी पडतंय. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच घाईने, रक्ताळलेल्या बेंबीसह निघत असतील तर जास्त होतंय. पिल्लाचं डोकं निमुळत्या टोकाकडे असेल तर अंडी रुंद टोक खाली करून ठेवली गेली असतील, किंवा फिरवण्यात खंड पडला असेल. पहिल्या आठवड्यातच रक्ताचं कडं दिसून गर्भ मरत असतील तर अंडी जुनी होती, साठवणीत तापली होती किंवा प्रवासात हादरली होती.

एकाच कोंबड्याच्या पिल्लांतून पुन्हा पिल्लं काढत तिसरी-चौथी पिढी आली असेल तर कोंबडा बदला. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना फक्त ज्वारी आणि खरकटं मिळत असेल तर त्यांच्या खाद्यात जीवनसत्त्वं आणि खनिज मिश्रण घाला. त्याचा परिणाम अंड्यांत उतरायला काही आठवडे लागतात. आणि निघालेली पिल्लं पहिल्या आठवड्यात पांढरी चिकट हगवण लागून पटापट मरत असतील तर तो संसर्ग असू शकतो, तो अंड्यातूनही पिल्लात येतो. अशा वेळी ताजी मेलेली दोन-तीन पिल्लं प्लास्टिकच्या पिशवीत बर्फावर ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. परभणी किंवा उदगीर जवळ पडत असेल तर तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. निदान होईपर्यंत त्या कोंबड्यांची अंडी यंत्रात लावू नका, आणि रिकामं यंत्र, जाळी, ट्रे, पट्टीची वाटी सगळं साबणाने धुऊन, जंतुनाशक लावून, कडक उन्हात वाळवा. थर्माकोलची पेटी असेल तर तिला चिरा पडल्यात का ते बघा. चिरांतली घाण धुवून निघत नाही, तेवढ्यासाठी पेटी बदललेली बरी.